कुंडीतली औषधी रोपं : नेताना आणि नेल्यावर

पावसाळा सुरू झाला की आमच्या रोपवाटिकेत तुळस, गवती चहा, पानओवा आणि अडुळसा भराभर संपतात. गुलाब नेणारा खताचं विचारतो, ही रोपं नेणारा विचारतो, "खोकल्यावर कसं द्यायचं?" गर्दीत पैसे घेता घेता याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी आमच्याच मालाबद्दल. रोप घरी नेल्या नेल्या त्याची पानं पोटात घेऊ नका. आमच्याकडे कुंडीला कुंडी लागून असते आणि मावा किंवा पिठ्या ढेकूण एका रोपाला लागला की बघता बघता सगळीकडे पसरतो. औषधी रोपांवर आम्ही फक्त निंबोळी अर्क मारतो, पण शेजारच्या जास्वंदीवर मारलेलं औषध वाऱ्याने यांच्यावर उडालंच नसेल, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. जुनी पानं खुडून टाका, महिनाभर थांबा आणि नंतर फुटलेली पालवी वापरा. तीही धुऊनच.

अडुळसा. खोकल्यात कफ घट्ट बसला असेल तर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं हे झाड. याच्या पानांत वासिसिन असतं आणि औषधाच्या दुकानात मिळणारं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्यावरूनच तयार झालं. बरेच जण कच्ची पानं मिक्सरमधून काढतात आणि रसच निघत नाही म्हणतात. निघणार कसा? आठ-दहा पिकत आलेली पानं इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा. हिरवा रंग मळकट होतो, पान लिबलिबीत पडतं. कोमट असतानाच फडक्यात घालून पिळलं की गडद, कडू रस सुटतो. मोठ्या माणसाला चहाचा एक चमचा रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नये, गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, मग आजी कितीही आग्रह करो. मधातल्या जिवाणूंमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

गुळवेलीबद्दल जरा जास्त लिहायला हवं. कोरोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे उकळले गेले. कुणी कुंपणावरची, कुणी रस्त्याकडेची, हृदयाच्या आकाराचं पान दिसलं की तोडली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत करू नका. आमचं म्हणणं सरळ आहे : ओळख पटल्याशिवाय तोडू नका आणि यकृताचा त्रास असेल तर खरीसुद्धा घेऊ नका. खऱ्या गुळवेलीच्या जुन्या खोडावर कागदासारखा पापुद्रा सुटतो, खाली हिरवं दिसतं. आडवा काप घेतला की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. दुसऱ्या वेलीचं खोड मात्र चामखिळी उठल्यासारखं खडबडीत असतं. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ 'गुळवेल आहे ना?' म्हणून पिशवीभर फांद्या घेऊन आले होते. हात फिरवला तर सगळ्या गाठीच गाठी. त्या त्यांनी घरी उकळायला काढल्या होत्या.

नावाचा घोळ ब्राह्मीतही आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गोल पानाची मंडूकपर्णी ब्राह्मी म्हणून विकली जाते. बारीक मांसल पानांची, ओल्या जागी पसरणारी ती खरी ब्राह्मी. आम्ही दोन्ही ठेवतो, पाटी वाचून घ्या. पानओव्याचंही तसंच. त्याच्या जाड, लवदार पानाला ओव्याचा वास येतो, पण ओवा मिळतो तो वेगळ्याच झाडाचा. पोट फुगलं, पडसं आलं तर एक-दोन पानं मीठ लावून चावा. उरलेल्यांची भजी करा, पावसात यासारखं काही नाही.

कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक येतो. तो जुलाब करणारा आहे, पोटात जाता कामा नये. पान कापलेल्या टोकावर पंधरा-वीस मिनिटं उभं करून चीक गळू द्या, साल काढा, गर धुवा आणि मगच त्वचेला लावा. भाजलं असेल तर आधी वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा, कोरफड त्यानंतर. फोड आले असतील तर काहीच न लावता दवाखाना गाठा.

गवती चहा, पुदिना, तुळस यांत फार जपायचं काही नाही, चहात चार पानं टाकलीत तरी उपयोग आहे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडा, म्हणजे पानं धरतील. गवती चहाची पात कात्रीनेच कापा, धार हाताला लागते.

रक्त पातळ होण्याच्या, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ताप तीन दिवसांवर गेला, कफात रक्त दिसलं, धाप लागली तर कुंडीकडे बघत बसू नका.

दारच्या एखाद्या वेलीबद्दल शंका असेल तर पान, खोडाचा वीतभर तुकडा आणि असलं तर फूल असं कागदात गुंडाळून आणा. ओळख सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. खरी गुळवेल हवी असेल तर एक फांदीही देऊ. ओल्या मातीत खोचलीत की फुटते.