मँगनीजला मँगनीजशी जोडणारी रिकामी जागा

गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक चुंबकाला मुळीच दाद देत नाही. पण त्यातल्या दर शंभर गॅलियम अणूंपैकी पाचेक अणूंच्या जागी मँगनीज बसवा, तुकडा पुरेसा गार करा, आणि त्याचा चक्क चुंबक होतो. नवल असे, की हे मँगनीजचे अणू एकमेकांपासून चांगलेच लांब असतात. मग एकाचे तोंड कुठे आहे हे दुसऱ्याला कळते कसे?

इलेक्ट्रॉनच्या अंगच्या इवल्याशा चुंबकत्वाला स्पिन म्हणतात. मँगनीजच्या प्रत्येक अणूत पाच इलेक्ट्रॉन जागीच ठाण मांडून असतात आणि पाचांचेही स्पिन एकाच दिशेला. झाला एक पक्का, स्थिर चुंबक. शिवाय बंध जुळवायला गॅलियम तीन इलेक्ट्रॉन देतो, मँगनीज दोनच. त्यामुळे एक जागा रिकामी राहते. तिला होल म्हणतात. पंगतीत एक पाट रिकामा राहिला आणि शेजारचा एकेक जण सरकत गेला, की रिकामा पाटच उलट दिशेने चालल्यासारखा दिसतो. होल तसाच फिरतो.

होललाही स्पिन असतो आणि तो मँगनीजच्या स्पिनच्या उलट दिशेला वळू पाहतो. आता, एकच होल अनेक मँगनीज अणूंवर पसरलेला असतो. तो या अणूच्या उलट, आणि पलीकडचा अणू त्याच्या उलट. म्हणजे दोन्ही अणू आपसांत सुलट! दोघांशीही वाकडे घेऊन जुळवलेली ही सोयरीक मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

असा पदार्थ बनवणे मात्र जिकिरीचे. नेहमीच्या 600 अंश सेल्सिअसच्या आसपास थर चढवले तर मँगनीज आर्सेनाइडचे कण वेगळेच गोळा होतात. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिदेओ ओनो आणि सहकाऱ्यांनी निर्वात कक्षात सुमारे 250 अंशांवर थर चढवले आणि 1996 मध्ये हा चुंबकीय अर्धवाहक जगापुढे ठेवला. कमी तापमानाची किंमतही मोजावी लागते. काही मँगनीज अणू गॅलियमच्या जागी न बसता मधल्या फटीत अडकतात आणि प्रत्येकी दोन होल बुजवतात. थर नंतर 200 अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवला, की ते पृष्ठभागाकडे निघून जातात. अशा खटपटींनी चुंबकत्व टिकण्याची मर्यादा 110 केल्विनवरून 200 केल्विनच्या आसपास आली. म्हणजे अजून उणे 73 अंश. खोलीचे तापमान दूरच आहे, आणि ही खंत खरी आहे.

तरी 2000 साली ओनो यांच्या गटाने जे दाखवले ते लोखंडाला जमणारे नाही. भावंड शोभेल अशा इंडियम मँगनीज आर्सेनाइडच्या पातळ थरावर, 22.5 केल्विनला, त्यांनी 125 व्होल्टचा दाब दिला. होल हटले आणि चुंबकत्व मावळले. दाब उलटा केला, होल परत आले, आणि त्यांच्यामागोमाग चुंबकत्वही.