मोनाझाईटमधला थोरियम शेवटी जातो कुठे?

ईव्ही स्कूटरच्या मोटरमधल्या मॅग्नेटला निओडिमियम लागतं हे आता बऱ्याच जणांना माहितीये, पण हे निओडिमियम एकटं येत नाही, सोबत थोरियम हा किरणोत्सारी धातू घेऊन येतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाईट हे जड खनिज मिळतं. त्यात निम्म्याहून जास्त रेअर अर्थ (निओडिमियम ज्यात मोडतं तो धातूंचा गट) ऑक्साईड, 8 ते 10 टक्के थोरियम ऑक्साईड आणि किंचित युरेनियम. 1909 मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन केमिस्टला ते काथ्यासोबत आलेल्या वाळूत सापडलं, तेव्हा सगळ्यांना हवं होतं ते थोरियमच, कारण गॅसबत्तीच्या मँटलला तेच लागायचं. आज नेमकं उलट झालंय.

प्रोसेस अशी की बारीक दळलेलं मोनाझाईट कडक कॉस्टिक सोड्यात गरम करतात, फॉस्फेट वेगळं निघून जातं आणि उरतो हायड्रॉक्साईडचा चोथा, त्यात रेअर अर्थ आणि थोरियम दोन्ही. आता यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं पण अगदी बेताने, पीएच 3-4 च्या आसपास राहील इतकंच, कारण तेवढ्या आंबटपणात रेअर अर्थ विरघळतात आणि थोरियम खाली गाळातच बसून राहतो. ॲसिड थोडं जास्त पडलं की थोरियम पण वर येतो, कमी पडलं तर रेअर अर्थ गाळात वाया जातात.

इथे काम संपलं असं वाटतं, पण खरी किचकट गोष्ट पुढेच आहे. थोरियम आणि युरेनियमच्या क्षयातून तयार झालेलं रेडियम आणि शिसं अजून त्या द्रावणातच असतं. रेडियम वजनाने इतकं कमी की स्वतःहून त्याचा साका बसतच नाही, म्हणून मुद्दाम बेरियम क्लोराईड आणि सल्फेट घालतात, बेरियम सल्फेटचे पांढरे कण तयार होतात आणि रेडियम त्या स्फटिकात बेरियमच्या जागी जाऊन बसतं, कारण आवर्तसारणीत ते बेरियमच्या बरोबर खाली आहे, रसायन तसंच. शिसं सल्फाईड बनवून काढतात. मला ही स्टेप फार आवडते, डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीला पकडायला दिसणारी गोष्ट आत सोडायची!

हे नीट सांभाळलं नाही तर काय होतं ते मलेशियात इपोहजवळच्या बुकित मेराहमध्ये दिसलं. तिथल्या रेअर अर्थ कारखान्याच्या थोरियमवाल्या कचऱ्यावरून गावकरी कोर्टात गेले, 1992 मध्ये हायकोर्टाने कारखाना बंद करायला सांगितलं, वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, तरी 1994 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळलाच, आणि जागा साफ करायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

कारण किरणोत्सार यात नष्ट होत नाही, फक्त एका जागी गोळा होतो. आपल्याकडे थोरियम पुढे अणुइंधन म्हणून वापरायचा या हिशोबाने जपून ठेवतात. बेरियम आणि शिशासोबत काढलेला तो गाळ, म्हणजे मिक्स्ड केक, मात्र काँक्रीटच्या खंदकात जातो. त्यातल्या रेडियम-228 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, पावणेसहा वर्षांचं, म्हणजे साठेक वर्षांत ते हजारात एक भाग उरेल, पण युरेनियमकडून आलेल्या रेडियम-226 चं 1600 वर्षं आहे. त्यामुळे नव्या मॅग्नेट कारखान्यांच्या बातम्या येतात तेव्हा मी आधी हे शोधतो की खंदकाचा खर्च आणि पुढची देखरेख कुणाकडे आहे, आणि बहुतेक बातम्यांत त्यावर एक ओळही नसते.