खंदकापर्यंत वाफेचं इंजिन? छे!

पहिल्या महायुद्धात वाफेचं इंजिन थेट खंदकाच्या तोंडाशी दारूगोळा आणून टाकायचं, असं हमखास सांगितलं जातं. तसं नव्हतं. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर दोन रुळांत जेमतेम ६० सेंटिमीटर अंतर असलेली लष्करी रेल्वे होती, रूळही सैनिकच टाकत. ब्रिटिशांच्या बाजूला त्यात कॅनडाच्या तुकड्यांचा मोठा वाटा. पण वाफेचं इंजिन बरंच मागे थांबे. दिवसा धूर, रात्री भट्टीचा उजेड. शत्रूच्या तोफांना आयतंच निशाण! पुढे वाघिणी ओढायची पेट्रोलवरची २० नि ४० अश्वशक्तीची छोटी इंजिनं, तीही बहुधा अंधारात. शेवटच्या टप्प्यात खेचरं, नाहीतर चिखलात पाय रोवून ढकलणारी माणसं. आणि ब्रिटिशांनी ही छोटी रेल्वे मोठ्या प्रमाणावर मनावर घेतली १९१६ च्या अखेरीस. फ्रेंच-जर्मनांकडे असे रूळ आधीपासून तयार होते.