स्व-संकल्पना (सामाजिक मानसशास्त्र)

आपण कोण आहोत, कसे आहोत आणि कितपत लायक आहोत याविषयी व्यक्तीच्या मनात घडत गेलेल्या समजुतींच्या संचास स्व-संकल्पना म्हणतात. ती अंतर्मुख होऊन स्वतःच शोधून काढायची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज असतो. सामाजिक मानसशास्त्राने मात्र तिची मुळे प्रामुख्याने इतरांशी येणाऱ्या संबंधांत शोधली आहेत.

जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ हा भेद विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडला. माणसाला ओळखणारी जितकी माणसे, तितके त्याचे सामाजिक ‘स्व’ असतात, असेही त्यांचे म्हणणे होते. १९०२ मध्ये चार्ल्स हॉर्टन कूली यांनी ‘आरशातील स्व’ ही कल्पना पुढे आणली. समोरच्याला आपण कसे दिसत असू याची कल्पना, त्यावर तो काय मत बनवत असेल याची कल्पना, आणि त्यातून उपजणारा अभिमान किंवा ओशाळलेपणा, असे तिचे तीन भाग आहेत. यांतील पहिले दोन्ही भाग कल्पनेचे आहेत, ही बाब पाठ्यपुस्तकी सारांशांत बहुधा निसटते. श्रॉगर आणि शेनेमन यांनी १९७९ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यात नेमके हेच दिसून आले : व्यक्तीचे स्वतःविषयीचे मत, इतरांना आपण कसे वाटतो याविषयीच्या तिच्या अंदाजाशी चांगले जुळते, इतरांच्या प्रत्यक्ष मताशी मात्र ते फारसे जुळत नाही. याचे एक कारण उघड आहे. तोंडावर खरे मत सांगणारे लोक थोडे.

या विचाराला प्राण्यांवरील प्रयोगांतूनही अनपेक्षित दुजोरा मिळाला. गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये भुलीखालील चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी तो स्वतःच्याच चेहऱ्यावर चाचपला. मात्र जातभाईंपासून तोडून एकटे वाढवलेल्या चिंपांझींना पुढील प्रयोगांत ही ओळख पटली नाही. मानवी मुलांत ती साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसू लागते.

स्वतःला मापण्यासाठी वस्तुनिष्ठ माप नसेल, तेव्हा माणूस इतरांशी तुलना करतो, हा लिऑन फेस्टिंगर यांचा १९५४ मधील सिद्धांत. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मोर्स आणि गर्गन यांचा १९७० मधील प्रयोग. नोकरीसाठी आलेले उमेदवार प्रश्नावल्या भरत असताना खोलीत आणखी एक ‘उमेदवार’ येऊन बसे. काहींच्या वाट्याला गडद सूट घातलेला, ब्रीफकेसवाला नीटनेटका तरुण येई, तर काहींच्या वाट्याला फाटकी पँट, कुबट स्वेटशर्ट आणि पायांत मोजे नसलेला गबाळा. तो कोणाशी बोलत नसे. तरीही पहिल्याच्या नुसत्या उपस्थितीने उमेदवारांचे स्वमूल्यांकन घसरले, दुसऱ्याच्या उपस्थितीने वाढले. ‘स्थिर’ म्हणवणाऱ्या स्व-संकल्पनेचा निदान काही भाग किती पटकन हलतो, हे यावरून कळते.

स्वतःच्या वर्तनावरूनही माणूस स्वतःविषयी निष्कर्ष काढतो, असे डॅरिल बेम यांनी दाखवले. विल्यम मॅग्वायर यांच्या मते, भोवतालच्यांपेक्षा आपल्यात जे वेगळे असते तेच स्वतःविषयी सांगताना आधी आठवते. त्यामुळे साताऱ्यातील वर्गात ‘मी मराठी’ असे सांगणे कोणाला सुचणार नाही, पण बडोद्याच्या किंवा लंडनच्या वर्गात ते चटकन सुचू शकते. गटाचे सदस्यत्व हाही स्व-संकल्पनेचा घटक असल्याचे हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी सामाजिक ओळखीच्या सिद्धांतात मांडले.

यांतील बरेचसे संशोधन अमेरिकन विद्यार्थ्यांवर झाले, ही मोठी मर्यादा आहे. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये स्वायत्त (इतरांपासून वेगळा) आणि परस्परावलंबी (नातेसंबंधांत गुंफलेला) असे ‘स्व’चे दोन प्रकार मांडले. पाश्चात्त्य आणि पौर्वात्य अशी सरधोपट विभागणी करण्यासाठी त्याचा पुढे जो वापर झाला, तो वादग्रस्त आहे. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ‘मी कोण?’ या प्रश्नाची जपानी विद्यार्थिनींनी दिलेली उत्तरे, त्या एकट्या आहेत, समवयस्क विद्यार्थिनी शेजारी आहे की प्राध्यापक समोर आहेत, यानुसार अमेरिकन विद्यार्थिनींच्या उत्तरांपेक्षा अधिक बदलताना आढळली.