माथ्यावर चेंडूचं त्वरण किती?

तिरका फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोहोचतो, त्या क्षणी त्याचा वेग किती आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? पहिल्यांदाच भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांना विचारा, 'दोन्ही शून्य' हे उत्तर हमखास येतं. दोन्ही चूक. माथ्यावर शून्य होतो तो फक्त उभा वेग. आडवा वेग होता तेवढाच असतो आणि ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे गुरुत्व त्वरण तिथेही खाली ओढतच असतं. ते खरोखर शून्य झालं असतं, तर चेंडू खाली वळलाच नसता, सरळ आडवा निघून गेला असता.

घोळ होतो तो हाताच्या जोरामुळे. तो जोर चेंडूच्या अंगात साठून राहतो आणि हळूहळू संपतो, असं वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. चौदाव्या शतकात पॅरिसचा तत्त्वज्ञ जाँ बुरिदाँही साधारण असंच मांडत होता. पण चेंडू हातातून सुटला की हाताचा संबंध संपतो. हवेचा विरोध सोडला, तर उरतं फक्त गुरुत्वाकर्षण. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गती दोन भागांत फोडली: आडवी एकसमान, उभी त्वरणयुक्त. दोन्ही मिळून होणारी वक्ररेषा म्हणजे अन्वस्त (पॅराबोला).

८० सेंटिमीटर उंच टेबलावरून गोटी आडवी घरंगळू द्या. ती सुमारे ०.४ सेकंदात जमिनीवर येते. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ४० सेंटिमीटरवर पडेल, ३ मीटर असेल तर १२० सेंटिमीटरवर. वेळ मात्र तीच! दोन्ही गतींना जोडणारा धागा हा वेळेचाच, आणि गणितं सुटतात ती त्याच्याच आधाराने.

आता सेकंदाला २० मीटर वेगाने जमिनीवरून चेंडू मारा, एकदा ३० अंशांत, एकदा ६० अंशांत. पहिल्या खेपेला आडवा वेग १७.३, हवेतला वेळ साधारण २ सेकंद. दुसऱ्या खेपेला आडवा वेग १०, वेळ साडेतीन सेकंद. चेंडू दोन्ही वेळा सुमारे ३५ मीटरवरच पडतो. एकीकडे वेग जास्त, दुसरीकडे वेळ जास्त. ४५ अंशांत दोहोंचा मेळ सर्वांत चांगला बसतो, पल्ला जवळपास ४१ मीटर होतो.

गोळाफेकपटू मात्र ४५ अंशांच्या बऱ्याच खालून फेकतात. गोळा खांद्याच्याही वरून सुटतो, आणि कमी कोनात शरीराला त्याला जास्त वेग देता येतो. पल्ला वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने हा सौदा फायद्याचाच ठरतो.