आरोपी, मग आमिष : प्राणिहक्क मोहिमांतील स्त्रीदेहाची पार्श्वभूमी

'फर घालण्यापेक्षा मी नग्न राहणे पसंत करेन' या घोषवाक्याची मोहीम 'पेटा' या अमेरिकी संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्ये थांबवल्याचे जाहीर केले. सुमारे तीन दशके चाललेली ही मोहीम संपवताना दिलेले कारण साधे होते : मोठ्या फॅशन कंपन्यांनी फर सोडली आहे, कॅलिफोर्नियाने फरच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला आहे, त्यामुळे काम झाले आहे. या मोहिमेवर पहिल्यापासून घेतला गेलेला मुख्य आक्षेप मात्र या निवेदनाच्या कक्षेतच आला नाही. प्राण्यांच्या देहाला वस्तू मानू नका, असे सांगण्यासाठी स्त्रीच्या देहाला वस्तूसारखे मांडावे का, हा तो आक्षेप होय. तो समजून घ्यायचा तर पेटाच्या स्थापनेच्याही शंभर वर्षे मागे जावे लागते, कारण या चळवळीत स्त्रीचे स्थान आधी वेगळेच होते.

इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांवरील चिरफाडीविरुद्धची चळवळ उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात स्त्रियांच्या बळावर. फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने 1875 मध्ये या प्रयोगांना विरोध करणारी संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अशा प्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला; तो कॉब यांना अपुरा वाटला, हा भाग निराळा. याच कॉब यांनी 1878 मध्ये नवऱ्यांकडून होणाऱ्या मारहाणीवर एक दीर्घ लेख लिहिला आणि त्याच वर्षी मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून विभक्त राहण्याचा अधिकार ब्रिटिश स्त्रीला कायद्याने मिळाला. बांधलेला कुत्रा आणि मार खाणारी बायको हे दोन्ही प्रश्न त्यांच्या लेखी एकाच सत्तेचे होते. 1903 मध्ये लिझी लिंड-आफ-हागेबी आणि लायसा शार्टाऊ या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी लंडनच्या वैद्यकीय वर्गांत पाहिलेले प्रयोग लिहून प्रसिद्ध केले. त्यातल्या एका तपकिरी कुत्र्याचा पुतळा 1906 मध्ये बॅटरसी भागात बसवण्यात आला, आणि तो पाडण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जो गोंधळ घातला त्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभाही उधळल्या गेल्या. विरोधकांच्या लेखी या दोन चळवळी एकच होत्या, आणि त्यात ते फारसे चुकत नव्हते. या साऱ्या काळात चळवळीतली स्त्री वक्ता होती, लेखिका होती, साक्षीदार होती.

ती आरोपी झाली टोपीतल्या पिसांमुळे. बगळ्यांची आणि इतर पक्ष्यांची पिसे लावलेल्या टोप्यांची फॅशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एवढी बोकाळली की तिच्याविरुद्ध 1889 मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांचीच एक संघटना सुरू केली. पुढे तिचीच ब्रिटनमधली पक्षिसंरक्षणाची मुख्य संस्था झाली. परंतु वृत्तपत्रांतून उभे राहिलेले चित्र होते ते नटव्या, निर्दय, बेफिकीर बाईचे. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक 1920 मध्ये रखडले तेव्हा एच. डब्ल्यू. मॅसिंगहॅम या संपादकाने त्याचे खापर स्त्रियांवर फोडले. त्यावर कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांनी लेख लिहून विचारले की पक्षी मारणारे शिकारी कोण, व्यापारातला नफा खाणारे कोण, आणि विधेयकाच्या समितीच्या बैठकीला गणसंख्येपुरतेही न फिरकणारे खासदार कोण? ती सारी पुरुषमंडळी होती. बंदीचा कायदा 1921 मध्ये झाला. निर्दय बाईचे चित्र मात्र प्रचाराच्या भात्यात कायमचे राहिले.

ते किती टिकाऊ होते हे 1984 मध्ये दिसले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ग्रीनपीससाठी डेव्हिड बेली या नामवंत छायाचित्रकाराने टिपलेल्या एका भित्तिपत्रकावर उंच टाचांची एक स्त्री फरचा कोट फरपटत नेताना दिसते आणि कोटामागे रक्ताचा ओघळ उमटत जातो. सोबतच्या मजकुराचा आशय असा की, फरच्या एका कोटाला चाळीसपर्यंत मुकी जनावरे लागतात, घालायला मात्र एकच पुरते. वाक्याच्या उत्तरार्धातले जनावर म्हणजे ती बाई, हे वाचकाला बरोबर कळत होते. आर्क्टिकमधील मूळनिवासी समाजांची उपजीविका फरवर अवलंबून असल्याने ग्रीनपीसने लवकरच या विषयातून अंग काढून घेतले, आणि 1985 मध्ये स्थापन झालेल्या 'लिंक्स' या संस्थेने तेच भित्तिपत्रक पुढे चालवले. पुढे फरसाठी मिंक हे छोटे प्राणी पाळणाऱ्या एका व्यावसायिकाने केलेल्या बदनामीच्या खटल्यात हरून ही संस्था 1990च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. परिणामाच्या दृष्टीने ती मोहीम जबरदस्त होती, याबद्दल दुमत नाही. ब्रिटनच्या रस्त्यांवर फर घालून फिरणे लाजेचे झाले. परंतु लाजवले कोणाला, हे पाहिले पाहिजे. सापळे लावणारा, पिंजरे बांधणारा, कातडी सोलणारा आणि कोट विकणारा यांपैकी कोणीही त्या चित्रात नव्हता.

पेटाने हीच मांडणी उलटवली. इन्ग्रिड न्यूकर्क आणि अॅलेक्स पाचेको यांनी 1980 मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेने सुरुवातीची कीर्ती मिळवली ती मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेतल्या माकडांची अवस्था 1981 मध्ये उघडकीला आणून, म्हणजे पुराव्याच्या बळावर. नग्नतेची मोहीम आली ती 1990च्या सुमारास, 'द गो-गोज' या स्त्रियांच्या रॉक बँडच्या भित्तिपत्रकाने. 1994 मध्ये नामांकित मॉडेल त्यात आल्या आणि मोहीम जगभर पोचली. त्यांपैकी नाओमी कॅम्पबेल 1997 मध्ये मिलान येथे फर घालून रॅम्पवर उतरल्यावर संघटनेने त्यांच्याशी संबंध तोडले, तेव्हा त्याचीही बातमी झालीच. या पद्धतीचे अर्थकारण समजण्याजोगे आहे. जाहिरातीच्या बाजारात मोठ्या कंपन्यांशी पैशाने स्पर्धा करणे प्राणिहक्क संघटनेला अशक्य असते. पण वाहिनीने नाकारलेली जाहिरात ही स्वतःच बातमी असते, आणि बातमीला पैसे पडत नाहीत. भाज्यांशी लगट करणाऱ्या तरुणी दाखवणारी पेटाची जाहिरात 2009 मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी एनबीसी या वाहिनीने नाकारली, आणि ती नाकारली म्हणूनच असंख्य लोकांनी ती शोधून पाहिली. फर घालणाऱ्या बाईला लाजवण्याऐवजी फर न घालणारी बाई हवीहवीशी दाखवायची, एवढाच फरक पडला. आरोपीचे आमिष झाले. ती पूर्वीसारखी बोलणारी पुन्हा झालीच नाही.

या पद्धतीला सर्वांत धारदार विरोध झाला तो प्राणिहक्कवाद्यांच्याच घरातून. स्त्रीवादी प्राणिहक्कवाद्यांची एक संघटना मार्टी खील यांच्या पुढाकाराने 1980च्या दशकाच्या आरंभीच कॅलिफोर्नियात सुरू झाली होती. कॅरल जे. अॅडम्स यांचे 'द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट' 1990 मध्ये, म्हणजे नग्न मोहीम सुरू होण्याच्याच सुमारास आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ताटात मांस येते तेव्हा जिवंत प्राणी नजरेआड झालेला असतो, आणि उपभोगाच्या चित्रात स्त्रीचेही हेच होते. व्यक्ती लोपते, अवयव उरतात. या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर स्त्रीच्या देहावर खाटकाच्या तक्त्यासारखे भाग आखलेले चित्र होते, आणि ते टीकेसाठी होते. वीस वर्षांनी, 2010 मध्ये, पेटाने अभिनेत्री पामेला अँडरसन यांच्या देहावर तसेच भाग आखून 'सगळ्या प्राण्यांचे अवयव सारखेच' अशा आशयाचे भित्तिपत्रक काढले, या वेळी प्रचार म्हणून. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या अधिकाऱ्यांनी ते स्त्रीपुरुष समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून अनावरणाला परवानगी नाकारली. एकच चित्र एकीकडे आरोप आणि दुसरीकडे आवाहन म्हणून वापरले गेले, यातच सगळा वाद येतो. कायद्याचे अभ्यासक गॅरी फ्रान्सिओन यांची टीका वेगळ्या वाटेने तिथेच पोचते : कोणत्याही जिवाला वस्तू मानण्याची सवय समाजात जोपासत राहिलो, तर प्राण्यांना वस्तू मानू नका हे सांगण्याचा पायाच निसटतो.

संघटनेची बाजू दुबळी नाही. चित्रात येणाऱ्या स्त्रिया स्वेच्छेने येतात, आपल्या देहाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे, आणि झाकलेल्या देहातच प्रतिष्ठा मानणे हेही जुन्या नैतिकतेचेच रूप आहे, असा तिचा युक्तिवाद असतो. डेनिस रॉडमन यांच्यासारखे पुरुष खेळाडूही गोंदवलेल्या उघड्या अंगाने या मोहिमेत आले, आणि स्पेनमधील पाम्प्लोना येथे रस्त्यांवर बैल सोडून त्यांच्यापुढे धावण्याच्या प्रथेच्या निषेधार्थ 2002 पासून काढलेल्या विवस्त्र दौडीत स्त्री-पुरुष दोघेही धावत. माझ्या मते संमतीचा मुद्दा त्या स्त्रीपुरता पूर्ण खरा आहे. चित्र पाहून पाहणाऱ्याची नजर कशी घडते, याचे उत्तर तो देत नाही. 2012 मध्ये तर पेटाच्या एका जाहिरातीत दुखावलेल्या मानेला आधाराचा पट्टा बांधलेली, जपून चालणारी तरुणी दाखवून, तिचा जोडीदार व्हीगन (मांसाबरोबर दूधदुभतेही वर्ज्य करणारा) झाल्याने त्याच्या अंगात आलेल्या लैंगिक जोमाचा हा परिणाम असल्याचा विनोद करण्यात आला. तिथे कौटुंबिक हिंसेची खूण हीच गंमत झाली होती. कॉब यांनी जोडलेले दोन प्रश्न इतक्या उलट्या पद्धतीने पुन्हा जोडले जातील, हे 1878 मध्ये कोणाच्या मनातही आले नसते.

निदान ही युक्ती लागू तरी पडते का, याची तपासणी 2013 मध्ये झाली. रेनाटा बोंजॉर्नो, पॉल बेन आणि निक हॅस्लम यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील 82 पुरुष विद्यार्थ्यांना पेटाच्या काही जाहिराती दाखवल्या. काहींत स्त्रिया उत्तान रूपात होत्या, काहींत नव्हत्या. उत्तान जाहिराती पाहणाऱ्यांची संघटनेला मदत करण्याची इच्छा कमी भरली, आणि त्यामागे चित्रातल्या स्त्रीला पूर्ण माणूस न मानण्याची वृत्ती असल्याचे आढळले. अमेरिकेतील 280 स्त्री-पुरुषांवरच्या दुसऱ्या चाचणीतही तेच दिसले. दोन चाचण्यांवरून अंतिम निकाल देता येत नाही. तरीही लक्ष वेधले म्हणजे मन वळले, हे गृहीतक त्यानंतर सरळ वापरता येईनासे झाले.

भारतात पेटाची शाखा 2000 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि ही पद्धत इथेही सौम्य रूपात आली : वाघाच्या पट्ट्यांचा पोशाख घालून पिंजऱ्यात बसलेल्या शिल्पा शेट्टी, शाकाहाराच्या प्रचारासाठी पानांचे कपडे घातलेल्या तरुणी. आपल्याकडे नग्न देह आणि प्राणी एकाच चौकटीत येण्याचे गाजलेले प्रकरण मात्र प्रचाराचे नव्हे, बुटांच्या जाहिरातीचे होते. 1995 मध्ये मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांच्या अंगावर अजगर असलेल्या त्या छायाचित्रावरून मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला, तो 2009 मध्ये निर्दोष सुटकेने संपला; अजगर वापरल्याबद्दल जाहिरात संस्थेवर वन्यजीव कायद्याखाली वेगळे प्रकरण झाले. देहाचा प्रश्न एका कायद्यात आणि प्राण्याचा दुसऱ्यात, अशी ही वाटणी आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणाऱ्या 1986 च्या कायद्यात पुस्तके आणि पत्रकांसाठी लोकहिताचा अपवाद ठेवला आहे, जाहिरातींच्या कलमात मात्र तो नाही. त्यामुळे प्राण्यांसाठी काढलेले असे भित्तिपत्रक उद्या न्यायालयात गेले, तर ते पत्रक की जाहिरात, इथूनच वादाला सुरुवात होईल.