हळदीच्या पट्टीवर लिंबू पिळलं आणि काहीच झालं नाही? पट्टी परत पाठवायच्या आधी हे वाचा

आमचं रंगबदल किट घेतलंत, थँक्यू. आता डबा उघडायच्या आधी हे पान वाचाच, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच आहे, की हळदीच्या पिवळ्या पट्टीवर लिंबू पिळलं, पट्टी तशीच राहिली, म्हणजे माल डुप्लिकेट! तसं नाहीये हो. हळद आम्लात पिवळीच राहते, साध्या पाण्यातही पिवळीच राहते, आम्लारी (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, जसा साबण किंवा सोडा) भेटली की मगच लालसर तपकिरी होते. म्हणजे पट्टी पिवळी राहिली तर एवढंच कळलं की समोरचा पदार्थ आम्लारी नाही, तो आम्ल आहे का नुसतं पाणी हे हळदीला विचारून उपयोग नाही, ते लिटमसला किंवा जास्वंदीच्या पट्टीला विचारायचं. म्हणूनच तर डब्यात एकापेक्षा जास्त दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणारे पदार्थ, दिलेत.

हळदीची मजा बघायचीये तर अंघोळीची साबणाची वडी ओली करून पट्टीवर घासा. जिथे साबण लागला तिथे लगेच लाल डाग पडतो. आता त्याच डागाच्या मधोमध लिंबाचा एक थेंब सोडा, थेंबाएवढा गोल परत पिवळा होतो आणि भोवती लाल कड राहते. हळदीचा डाग पडलेला कपडा साबणाने धुताना लाल का होतो त्याचं उत्तर हेच. (हँडवॉश घेऊ नका, बरेचसे हँडवॉश आम्लारी नसतातच, मग परत आम्हाला फोन.)

आत होतं काय, तर हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, त्याचा रेणू आम्लारीत हायड्रोजन आयन सोडून देतो, मग तो प्रकाशातला वेगळा भाग शोषायला लागतो आणि आपल्याला रंग बदललेला दिसतो. आम्ल टाकलं की आयन परत मिळतो, रंगही परत. सगळ्या दर्शकांचं साधारण असंच चालतं, फक्त प्रत्येकाची बदलायची जागा वेगळी. ही जागा सामूमध्ये (म्हणजे pH मध्ये) सांगतात, सामूची मोजपट्टी 1909 मध्ये सॉरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडली, 7 म्हणजे उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी), खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एक घर सरकलं की आम्लतेत दहा पटीचा फरक पडतो हे मुलं हमखास विसरतात. हळद साधारण साडेसात ते साडेआठच्या मधे बदलते. शाळेतला दुसरा दर्शक फिनॉल्फ्थॅलिन, ते सव्वाआठपर्यंत रंगहीनच असतं, त्यामुळे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते जेमतेम गुलाबी होतं आणि पोरांना वाटतं प्रयोग फसला. धुण्याचा सोडा घ्या, त्याचा सामू 11 च्या आसपास असतो, मग बघा कसं गडद गुलाबी होतं.

लिटमसबद्दल फार सांगत नाही, तो लायकेनपासून काढतात, दगडफूल म्हणतो ना आपण त्याच जातकुळीतलं. आम्लात लाल, आम्लारीत निळा. पण कोरड्या सायट्रिक आम्लाच्या पावडरीवर कोरडा लिटमस ठेवून वाट बघत बसू नका, पाण्याशिवाय काहीही होणार नाही.

आमचा स्वतःचा लाडका म्हणजे लाल कोबी. नाव लाल पण रस जांभळा. पानं बारीक चिरून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. लिंबू टाकलं की गुलाबी-लाल, खाण्याच्या सोड्याने निळा, धुण्याच्या सोड्याने हिरवा, आणि फारच कडक आम्लारी असेल तर पिवळा. निळ्या झालेल्या रसात लिंबू थेंब थेंब टाकत जा, फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि निळा, जांभळा, गुलाबी असा उलटा प्रवास ग्लासातच दिसतो, हे उदासिनीकरण पुस्तकातल्या समीकरणापेक्षा जास्त लक्षात राहतं असा आमचा अनुभव आहे. मात्र पिवळा झालेला रस बराच वेळ तसाच राहिला तर पूर्ववत होत नाही, रंगद्रव्यच मोडतं, त्यात आमचा दोष नाही. उरलेला रस फ्रीजमध्ये दोनतीन दिवस टिकतो, मग वास मारतो.

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच या किटसोबत वापरायचे नाहीत, ते दोन्ही एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. धुण्याचा सोडा हाताळताना डोळे सांभाळा, लहान मुलं असतील तर मोठ्यांनी शेजारी बसायचं.

आणि पट्टी खरंच खराब आहे का हे बघायचं असेल तर ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. तिथेही हळद लाल झाली नाही तर मात्र चूक आमची, पाकीट बदलून देऊ. फक्त ते खिडकीत उन्हात ठेवलेलं नसावं, कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं आणि अशी पांढुरकी झालेली पाकिटं आम्ही लगेच ओळखतो.